काम माथ्यापासून, तपासणी पायथ्यापासून

खाणीची ‘पुनर्वसित’ जमीन तपासायला येणाऱ्या साहेबांस,



आपली-माझी ओळख नाही, पण मी आपल्याला एकदा पाहिलं आहे. डिसेंबरचे दिवस होते. आमच्या गावाजवळच्या कोळसा खाणीच्या रस्त्यावर दोन्ही कडांना चुन्याची पांढरी रेघ मारली होती, त्यावरूनच कोणीतरी येणार हे गावाला कळलं. चार गाड्या आल्या, व्ह्यू पॉइंटवर थांबल्या. तिथून मातीचा ढिगारा दिसतो, त्यावरची झाडं दिसतात आणि किती रोपं लावली ते सांगणारी पाटीही दिसते. अर्ध्या तासाने गाड्या आल्या तशा परत गेल्या. मी खाली नाल्याच्या पुलावर सायकल धरून उभा होतो. पुलापर्यंत कोणी आलं नाही.

खाणीचं नाव लिहीत नाही. वणी, घुग्घुस, राजुरा, उमरेड या पट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही ती आपल्याच शिवेवरची खाण वाटेल, तेवढं पुरे. माझ्याबद्दल सांगायचं तर मी कृषी खात्यातला निवृत्त कृषी सहाय्यक. उभी नोकरी मृदसंधारणाच्या कामांत गेली. समतल चर आखले, अनघड दगडी बांध घातले, जाळीचे बांध मोजले. खाणीतलं मला काही कळत नाही, पण पावसाचं पाणी माती कशी आणि कुठून नेतं, हे मी पस्तीस पावसाळे पाहिलं आहे. त्याच भांडवलावर हे पत्र.

आमच्या खात्यात नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात : माथा ते पायथा. पाणलोटाचं काम डोंगरमाथ्यावर सुरू करायचं आणि नाल्यावर संपवायचं. वरचं पाणी वर अडलं नाही, तर खालचा बांध कितीही भक्कम घाला, तो पहिल्या झडीत फुटतो. पण तपासणीची वाट उलटी असते, हे आम्हाला कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही, एका जुन्या साहेबांनी शिकवलं. ते आले की आधी नाल्यात उतरत. गाळ हातात घेऊन बोटांनी चोळत, रंग बघत, आणि मग कुठल्या ओघळीने तो आणला ते शोधत वर चढत. काम कुठे कच्चं राहिलं ते त्यांना माथ्यावर पोचायच्या आधीच कळलेलं असे. माझी आपल्याला विनंती एवढीच आहे. पुढची तपासणी नाल्यापासून सुरू करा.

यात हट्ट नाही, कारण आहे. खाणीच्या ढिगाऱ्याला इथे सगळे ‘ओबी’ म्हणतात. कोळशावरचं ओझं, ओव्हरबर्डन. हे ओझं म्हणजे आमच्या बापजाद्यांची कापसाची काळी जमीन, तिच्याखालचा मुरूम, त्याखालचा वाळूखडक आणि शेल. खोदताना काळी माती सगळ्यात आधी निघते. ती वेगळी काढून ठेवली नाही, तर ढिगाऱ्याच्या तळाशी जाते आणि सगळ्यात शेवटी निघालेला निर्जीव दगडचुरा वर येऊन बसतो. जमिनीची उलटी गोधडी होते. म्हणूनच पर्यावरण मंजुरीत अट असते, की वरची माती वेगळी काढा, वेगळी साठवा आणि शेवटी परत पसरा. शिवाय फोडलेला खडक मूळच्या जागेत मावत नाही, तो फुगतो. त्यामुळे खड्डा भरत आणला तरी गावाशेजारी डोंगर उरतोच.

या डोंगराच्या उताराला कागदावर दोन-तीन मापं आहेत. २०१७च्या कोळसा खाण विनियमांत म्हटलं आहे, की ढिगाऱ्याचा उतार कोणत्याही स्थितीत ३७.५ अंशांपेक्षा जास्त नसावा आणि उंची ३० मीटरच्या वर गेली की टप्पे पाडावेत. ते माप ढिगारा कोसळू नये, खाली काम करणारा माणूस दगावू नये, यासाठी आहे. पर्यावरण मंजुरीत बहुधा एकूण उतार २८ अंशांच्या आत ठेवण्याची अट असते. आमच्या खात्यात उतार अंशांत नाही, टक्क्यांत मोजतात. २८ अंश म्हणजे सुमारे ५३ टक्के. सलग समतल चरांचं काम आम्ही ३३ टक्के उतारापर्यंतच घेत असू, आणि तेही हजारो वर्षं बसलेल्या, गवताची मुळं धरलेल्या टेकडीवर. खाणीचा ढिगारा कालचा, सुटा, आणि त्याचा उतार आमच्या मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. तिथे नियम पाळला गेला तरी माती राहील याची हमी नाही. उभं राहणं वेगळं, माती धरणं वेगळं. आपल्या तपासणीच्या फॉर्मवर पहिल्याचा रकाना असतो, दुसऱ्याचा मला कधी दिसला नाही.

ढिगाऱ्याचं आणखी एक आहे. तो बसतो. पहिले काही पावसाळे तो आतल्या आत दबत जातो, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. टप्पा बांधताना त्याचा उतार आतल्या अंगाला दिलेला असतो, म्हणजे पाणी कडेवरून न पडता आतल्या चारीतून बाजूला निघावं. दोन वर्षांत टप्प्याचा एखादा भाग खचतो, तिथे डबकं होतं, आणि एका रात्रीच्या झडीत ते डबकं कड फोडून खाली उतरतं. सकाळी तिथे माणूस उभा मावेल अशी घळ असते. टेकडीवर जो चर पाणी मुरवून आपला मित्र होतो, तोच सुट्या भरावावर पाणी आत कोंडून शत्रू होऊ शकतो. आतून भोक पडतं आणि वरची झाडं जागेवर हिरवीगार असताना खालून माती निघून जाते. व्ह्यू पॉइंटवरून यातलं काही दिसत नाही. उपग्रहातूनही फारसं दिसत नाही.

उपग्रहाचं मुद्दाम लिहिलं. रांचीची सेंट्रल माइन प्लॅनिंग अँड डिझाइन इन्स्टिट्यूट ही संस्था मोठ्या उघड्या खाणींची जमीन उपग्रहावरून तपासते. वर्षाला कोळसा आणि ओबी मिळून ५० लाख घनमीटरहून जास्त काढणाऱ्या खाणींची तपासणी दर वर्षी, बाकीच्यांची तीन वर्षांतून एकदा. काम चांगलंच आहे. किती जमिनीवर भराव झाला, किती हिरवी झाली, याचा हिशेब निदान कोणीतरी ठेवतं. पण हिरवा रंग हा साक्षीदार कच्चा आहे, साहेब. सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ दाट लावली की तीन-चार वर्षांत वरून जंगल दिसतं. त्या जंगलात शिरून पायाखाली बघा. गवत नसेल, तर उंच पानावरून पडणारा थेंब उघड्या चुऱ्यावर हातोडीसारखा आपटतो. आमच्या पुस्तकात याची पायरी-पायरीने नावं आहेत : आधी उसळी धूप, मग सालकाढी, मग ओघळपाडी, शेवटी घळपाडी. उपग्रहाला चौथी पायरी कदाचित दिसेल, पहिल्या तीन झाडांच्या छत्रीखाली झाकून जातात.

माती धरतं ते गवत. हे गुराख्याला माहीत होतंच, सर्वोच्च न्यायालयानेही म्हणून ठेवलं आहे. ८ जानेवारी २०२० रोजी, आपले नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, न्यायालयाने आदेश दिला की खाणकाम संपल्यावर त्या जागेवर आणि खाणकामामुळे बिघडलेल्या इतर जागेवरही पुन्हा गवत उगवून ती चारा, वनस्पती आणि जीवजंतूंसाठी योग्य करावी, खाणवाल्याच्या खर्चाने. त्यानंतर ही अट मंजुऱ्यांत आली. मग माझा साधा प्रश्न आहे. तपासणीच्या दिवशी आपण रोपं मोजता, गवत कधी मोजता? मारवेल, पवन्या, कुसळी यांतलं काय उगवलं, किती हात अंतरावर उगवलं, गुरं तिथे तोंड लावतात की नाही, हे कोणत्या रकान्यात लिहिता?

आता खाली नाल्यावर या.

जुलैतला एक दिवस सांगतो. दोन दिवसांची झड लागून उघडीप झाली होती. पुलाखालचं पाणी राखाडी होतं. आमच्या काळ्या वावरांतून येणारं पाणी गढूळ असलं तरी काळपट-तपकिरी असतं, हा रंग वेगळा. मी प्लास्टिकची लिटरची बाटली भरून घरी आणली आणि खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तळाशी नख बुडेल एवढा थर बसला होता. खाली बारीक वाळू, वर चिकट माती, त्यावर पाणी, तेही नितळ नव्हतं. कोळसा खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्यात तरंगत्या कणांची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे दहा लिटरच्या बादलीत एक ग्रॅम, चिमूटभर. माझी बाटली प्रयोगशाळेची नाही, तिचा आकडा मी सांगणार नाही. पण चिमूट कुठे आणि तो थर कुठे, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि नमुने घेताना मी जेव्हा जेव्हा पाहिलं, ते खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या तोंडाशी घेतले जात होते. ढिगाऱ्यावरून सुटलेलं पाणी त्या पंपातून जात नाही. ते त्याच्या वाटेने नाल्यात येतं.

ढिगाऱ्याच्या पायथ्याशी भिंत असते, भोवती चारी असते, तिला खाणीत गारलँड ड्रेन म्हणतात. शेवटी गाळ बसवायचं तळं असतं. कागदावर ही साखळी अगदी आमच्या शास्त्राला धरून आहे. मात्र चारी आणि तळं हे मडक्यासारखं असतं, भरलं की वाहतं. मंजुरीत लिहिलेलं असतं की गाळ नियमित काढावा. ते तळं उन्हाळ्यात रिकामं केलं नसेल, तर पहिल्या मोठ्या पावसाला ते नसल्यासारखंच. त्या जुलैत मी तळ्यापर्यंत गेलो होतो. पाळीवरून काठी घातली तर पाणी घोटाभर होतं आणि त्याखाली काठी तीन हात गाळात गेली.

पुलापलीकडचं पहिलं वावर माझ्या चुलतभावाचं. नाला चढला की धुरा फोडून पाणी आत येतं आणि ओसरताना राखाडी गाळाचा थर टाकून जातं. आपल्याला वाटेल, गाळ म्हणजे खत. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत लोक तलावातला गाळ ट्रॅक्टरने भरून नेतातच की. पण तलावातला गाळ शेतातूनच गेलेला, जिवंत. हा खोल खडकाचा चुरा. उन्हं पडली की त्याचा पापुद्रा धरतो, सोयाबीनचा कोंब त्याखाली वाकडा होऊन मरतो. त्या वर्षी भावाने दुबार पेरणी केली, मग तेवढ्या पट्ट्यात पऱ्हाटीही लावून पाहिली. पंचनामा झाला तो अतिवृष्टीचा. ढिगाऱ्याचा कुठे उल्लेख नाही. पाऊस सगळ्यांच्याच वावरात पडला होता, गाळ फक्त नाल्याकाठी आला होता, ही गोष्ट तलाठ्यालाही दिसत होती. पण त्याच्या फॉर्मवरही तो रकाना नव्हता.

आपल्याला दोष द्यायला हे लिहीत नाही. मला माहीत आहे, खाणी पुष्कळ आणि आपण थोडे. शिवाय एकाच ढिगाऱ्याला किती मालक! खाण बंद करण्याचा आराखडा कोळसा मंत्रालयाचा, तो पुरा झाल्याचा दाखला कोळसा नियंत्रकांचा, उताराची सुरक्षितता खाण सुरक्षा महासंचालनालयाची, मंजुरीच्या अटी पर्यावरण मंत्रालयाच्या, पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, नुकसान महसूल खात्याचं. प्रत्येकजण आपला प्रश्न विचारून जातो. ढिगाऱ्यावरून निघालेली माती मात्र या सगळ्यांच्या हद्दींतून वाहत नाल्यात पोचते.

आणि वेळापत्रक तर असं, की जणू पावसाला चुकवूनच आखलं आहे. २००६च्या अधिसूचनेनुसार मंजुरीच्या अटी कशा पाळल्या याचा सहामाही अहवाल १ जूनला आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. आमचा मृग ७-८ जूनला लागतो. १ जूनला जमीन कोरडी ठणठणीत, ओघळी त्याच उन्हाळ्यात डोझरने बुजवलेल्या. १ डिसेंबरला गवत कमरेएवढं, घळी त्यात लपलेल्या. धूप होते ती या दोन तारखांच्या मधल्या शंभर दिवसांत, आणि त्यातही खरी धूप चार-सहा झडींत. आपली डिसेंबरातली भेट खोटी नव्हती. ती फक्त चुकीच्या महिन्यातली होती.

दुसरीकडे हे कसं करतात ते थोडं वाचलं. अमेरिकेत १९७७ साली उघड्या कोळसा खाणींसाठी कायदा झाला. तिथे खाणवाल्याने आधी हमीची रक्कम ठेवायची आणि ती तीन टप्प्यांत सोडवून घ्यायची. खड्डा भरून, उतार देऊन, पाण्याची वाट केली की ६० टक्क्यांपर्यंत. दुसरा टप्पा झाडोरा धरल्यावर, पण त्याला अट आहे की त्या जमिनीवरून हद्दीबाहेरच्या ओढ्यात मर्यादेपेक्षा जास्त गाळ जात नसला पाहिजे. उरलेली रक्कम किमान ५ वर्षांनी, आणि वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडणाऱ्या भागात १० वर्षांनी. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे हे घड्याळ सुरू कधी होतं ती. शेवटचं बी पेरलं, शेवटचं खत घातलं, शेवटचं पाणी दिलं, त्या वर्षापासून. मधेच पुन्हा पेरावं लागलं तर वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. शिवाय रक्कम सोडण्याआधी चार आठवडे वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, शेजारच्या जमीनमालकांना पत्र जातं आणि हरकत असेल तर सुनावणी होते. तिथेही सगळं आलबेल आहे असं कोणी म्हणत नाही. पण ओढ्याला जाणारा गाळ आणि खाणवाल्याचे पैसे एकाच वाक्यात बांधलेले आहेत, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडेही गाठ आहे, नाही असं नाही. कोळसा मंत्रालयाच्या २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये या हिशेबाने एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पुरी होईपर्यंत राखून ठेवायच्या खात्यात, पैसे ठेवायला लावले. दर पाच वर्षांनी झालेलं काम तपासून ८० टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळण्याची सोय केली. पुढे दर आणि अटी बदलत गेल्या. पण मूळ सूत्र तेच आहे : आपली सही झाली की पैसे सुटतात. म्हणजे आमच्या नाल्यात खरी ताकद कोणाची असेल, तर ती आपल्या पेनाची.

खाण नको असं मी म्हणत नाही. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र याच पट्ट्याच्या कोळशावर उभं आहे, आणि माझ्या विहिरीवरचा पंपही त्या विजेवर चालतो. आणि सगळेच ढिगारे वाईट आहेत असंही नाही. एका जुन्या ढिगाऱ्यावर मी स्वतः चढलो आहे. टप्पे नीट, दगडी पाटाने पाणी खाली उतरवलेलं, गवत दाट, खालच्या तळ्यात पाणी निवळ. तिथे काम करणाऱ्या माणसाने माथा ते पायथा समजून केलं होतं. म्हणजे होत नाही असं नाही, विचारलं जात नाही एवढंच.

ढिगाऱ्याच्या पाण्याकडे दुर्लक्ष केल्याची मोठी किंमत जगाने मोजली आहे. वेल्समधल्या अ‍ॅबरफान गावावर २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीचा ढिगारा घसरला, १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. ढिगारा झऱ्यावर रचला होता. त्यानंतर ब्रिटनमध्ये ढिगाऱ्यांसाठी १९६९ साली वेगळा कायदा आला. आमच्या नाल्यात एका रात्रीत असं काही घडणार नाही, घडू नये. इथे माती दर पावसाळ्यात थोडी थोडी जाते, आणि थोड्या थोड्या गेलेल्या मातीसाठी चौकशी आयोग बसत नाही. तिच्यासाठी फक्त आपण आहात.

म्हणून पुढच्या वेळी एवढं करा. आर्द्रा किंवा पुनर्वसू नक्षत्रात, झडीच्या दुसऱ्या दिवशी या, आणि खाणीला तारीख आधी कळवू नका. नाल्याच्या पाण्याचे दोन नमुने घ्या, एक ढिगाऱ्याच्या वरच्या बाजूचा आणि एक खालच्या बाजूचा, पुलाखालचा. गाळाच्या तळ्यात काठी घाला. तिथून चारी धरून वर चढा, टप्प्याचा उतार आत आहे की बाहेर ते बघा, झाडाखाली गवत आहे का ते बघा. वरची काळी माती कुठे साठवली आणि कुठे पसरली, ते विचारा. उतरताना नाल्याकाठच्या दोन शेतकऱ्यांची सही घ्या, गाळ आला की नाही एवढ्यापुरती. सबंध दिवस लागणार नाही.

दोन्ही नमुन्यांचा रंग सारखा असेल तर खुशाल दाखला द्या, मी टाळ्या वाजवीन. सारखा नसेल तर ढिगारा कितीही हिरवा दिसो, सही करू नका आणि एस्क्रो खात्यातला एक रुपयाही सोडू नका.

मी पुलावर असेन. रिकाम्या बाटल्या माझ्याकडे आहेत.

आपला,
एक निवृत्त कृषी सहाय्यक